गोंडीला लिप्या आहेत, बोलणारे लाखो आहेत. मग शाळेत जागा का नाही?

नांदेड जिल्ह्यातील किनवट आणि माहूर तालुक्यांत अनेक गोंड घरांची भाषा मराठी नाही, गोंडी आहे. या घरातलं मूल पहिलीत जातं तेव्हा पुस्तकाची भाषा आधी शिकतं आणि मग धडा. 2011 च्या जनगणनेनुसार देशात जवळपास 30 लाख लोकांनी गोंडी ही मातृभाषा सांगितली. तरीही ती शाळेबाहेर का आहे?

गोंडी ही मराठीची बोली आहे का?

नाही. मराठी आर्यभाषा कुळातली, तर गोंडी द्रविड कुळातली आहे. गोंडीत दोन, तीन, चार म्हणजे रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत हेच रेंडु, मूडु, नालुगु. नातं कुणाशी आहे, ते लगेच कळतं.

एकच गोंडी सगळीकडे?

तसंही नाही. मध्य प्रदेशपासून तेलंगणापर्यंत पसरलेल्या या भाषेची रूपं बदलत जातात. दूरच्या भागांतल्या दोन गोंडी भाषकांना एकमेकांचं बोलणं समजायला जड जातं. त्यात राज्यांच्या सीमांची भर पडली. किनवट तालुका 1956 पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. बोली तीच राहिली, पण सीमेपलीकडे शाळेची भाषा तेलुगू आणि अलीकडे मराठी झाली.

लिपी नाही म्हणून अडतं का?

उलट, लिप्या एकाहून जास्त आहेत. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी 1918 मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. दुसरी लिपी किनवटच्या शेजारच्या आदिलाबाद जिल्ह्यातली. तिथल्या गुंजाला गावात सापडलेल्या हस्तलिखितांमुळे ती जगासमोर आली. मसराम गोंडी 2017 मध्ये आणि गुंजाला गोंडी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. म्हणजे मोबाइल आणि संगणकासाठी दोन्हींची प्रमाण अक्षरं ठरली. शिवाय देवनागरी आणि तेलुगू लिपीतही गोंडी लिहिली जाते.

गोंडीतून शिकवणंही नवं नाही. निजामाच्या काळात, 1940 च्या दशकात, आदिलाबादमधल्या मारलवाई इथे मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांच्या पुढाकाराने गोंड शिक्षक तयार करण्यात आले. गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत काढली गेली.

मग अडतं कुठे?

राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत 22 भाषा आहेत. सुमारे 15 लाख भाषक असलेली बोडो त्यात आहे, गोंडी नाही. गोंडी भाषक अनेक राज्यांत विखुरलेले आहेत आणि कोणत्याही राज्यात ती बहुसंख्यांची भाषा नाही. त्यामुळे तिच्यासाठी जोर लावणारं एकही सरकार नाही.

पण प्राथमिक शाळेसाठी आठव्या अनुसूचीची वाट पाहण्याची गरज नाही. भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं घटनेचं कलम 350 अ सांगतं. शक्य असेल तिथे मातृभाषेतून शिकवावं, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाही म्हणतो.

गडचिरोली जिल्ह्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिला शिक्षण विभागाने अनधिकृत ठरवलं.

कोणती लिपी निवडायची, हा वाद गोंडी समाज सोडवेल. किनवटच्या पहिलीच्या वर्गात गोंडी बोलणारा शिक्षक देणं मात्र सरकारचं काम आहे. त्यासाठी नव्या लिपीची गरज नाही आणि नव्या कायद्याचीही नाही.