वस्ती दाखवायची, पण कोणी?

आपल्या कार्यकर्त्याला अहवाल लिहिता येतो, मोर्चा काढता येतो; परंतु केलेले काम शेजारच्या पेठेतल्या माणसाला पायी हिंडवून दाखवणे त्याला कमीपणाचे वाटते. त्यात आत्मप्रौढी दिसेल, असे भय असते. दुसरे भय अधिक रास्त आहे. मुंबईत धारावी पैसे घेऊन पाहुण्यांना दाखवण्याचा व्यवसाय गेल्या दोन दशकांत रुजला. त्यातील काहीजण मिळकतीचा भाग वस्तीतल्याच शिक्षणावर खर्च करतात, हे मान्य केले तरी पाहणारा एका बाजूला आणि पाहिला जाणारा दुसऱ्या बाजूला, ही रचना मोडत नाही.

ती मोडता येते. शहरनियोजनाच्या रूढ कल्पनांना आव्हान देणाऱ्या जेन जेकब्स 2006 साली निवर्तल्या. पुढच्याच वर्षी टोरांटोतील त्यांच्या स्नेह्यांनी त्यांच्या स्मरणार्थ पायी फेऱ्या सुरू केल्या. शुल्क नाही, आणि वाटाड्या म्हणजे तिथलाच रहिवासी. मे महिन्यातील ही प्रथा पुढे अनेक देशांत पसरली. तिच्यातील घेण्याजोगा भाग एवढाच, की बोलण्याचा पहिला हक्क राहणाऱ्याचा.

पुण्यात अशी फेरी आखायला लांब जावे लागणार नाही. वाड्यांचे नक्षीदार दरवाजे दाखवणाऱ्या फेऱ्या येथे पुष्कळ निघतात. त्यांना माझा विरोध नाही. आपली फेरी मात्र गंज पेठेतील फुल्यांच्या वाड्यापासून निघावी. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ती ही जागा. तेथून पूर्वेकडच्या पेठांत शिरावे आणि पुढचे हमालांकडून ऐकावे. शंभर किलोचे पोते पन्नासावर आणण्यासाठी किती वर्षे भांडावे लागले, 1969च्या माथाडी कायद्याने हातात नेमके काय पडले आणि काय अजून पडायचे आहे, हे पाठीवर ओझे वाहिलेल्या माणसाने सांगितले म्हणजे ऐकणाऱ्याला ते वेगळेच कळते. 1974 साली हमाल पंचायतीने सुरू केलेल्या ‘कष्टाची भाकर’ केंद्रात मंडळींनी जेवावे, आणि जेवताना एक प्रश्न अवश्य विचारावा: एवढ्या दरात हे परवडते कसे? अर्थशास्त्राच्या वर्गात मी जन्मभर जे शिकवले, त्याहून बरेच काही त्या उत्तरात सापडते.

कचरावेचक भगिनींची संघटना 1993 साली उभी राहिली. तिच्यातून 2008 साली ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा वेचून, निवडून, विकून शहराचा केवढा तरी खर्च त्या वाचवतात. तरीही 2020च्या अखेरीस महापालिकेबरोबरचा करार संपला आणि काही काळ मुदतवाढीवरच काम चालले. त्या वेळी अनेक नागरिक त्यांच्या बाजूने उभे राहिले, कारण दारावर येणारी बाई त्यांच्या ओळखीची होती. ओळख नसलेल्या कामाला ठेकेदाराच्या निविदेपुढे कोण वाचवणार? कचरा निवडण्याची जागा, तिथली दुर्गंधी, हातमोजे मिळतात की नाही, हे सारे फेरीत यावे. फक्त छायाचित्रे काढू नयेत. निदान विचारल्याशिवाय नकोत.

केवळ यशाची स्थळे दाखवणारी फेरी ही मंत्र्यांच्या दौऱ्याची नक्कल होईल. बंद पडलेले वाचनालय, निम्म्यावर गळालेला बचतगट, मुली न आलेली अभ्यासिका यांच्याही दारात थांबावे आणि तेथे वही उघडावी. जमा किती, खर्च किती, थकबाकी कोणाकडे. पाहुण्यांपैकी एखादा निवृत्त बँक कर्मचारी ती वही नीट लावून देण्यास तयार झाला, तर त्या दिवसाचे श्रम वसूल झाले असे मी धरीन.

राहिला एक व्यावहारिक मुद्दा, आणि तो आपण नेहमी विसरतो. वाट दाखवणाऱ्या हमालाचा किंवा कचरावेचक बाईचा अर्धा दिवस बुडतो. आपल्याकडे अशा वेळी शाल-श्रीफळ देऊन मोकळे होण्याची पद्धत आहे. श्रीफळाने रेशन येत नाही. फेरीला येणाऱ्यांनी आरंभीच वर्गणी काढावी, बुडालेली मजुरी पूर्ण द्यावी, आणि ती रक्कमही त्याच वहीत लिहावी.