वेदीपाशी जाण्याआधी

ख्रिस्ती क्षमेचा विषय निघाला की आपल्याकडे ग्लॅडिस स्टेन्स यांचे नाव हमखास निघते. २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुले जीपमध्ये झोपलेली असताना जमावाने त्यांना जाळून मारले. मारेकऱ्यांना आपण क्षमा केली आहे, असे या बाईंनी जाहीरपणे सांगितले, तेव्हा देश थक्क झाला. मला या थक्क होण्याचीच काळजी वाटते. अंगावर पुन्हा पुन्हा थुंकणाऱ्यावर न रागावता गोदावरीत पुन्हा पुन्हा स्नान करणाऱ्या एकनाथांची गोष्ट आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. ती सांगून झाली की मनातल्या मनात स्वतःची सुटकाही करून घेतो, की ते संत, आपण प्रापंचिक माणसे. पण ग्लॅडिसबाईंची क्षमा काही एका रात्रीत आकाशातून पडलेली नव्हती. बारीपद्याच्या कुष्ठरुग्णांमध्ये हे कुटुंब दीड दशक राहत होते. ज्यांना घरच्यांनीही टाकले, अशांसोबत रोज उठून वागायचे कसे, हे त्या घराच्या अंगवळणी पडले होते. क्षमा ही अशी रोजच्या वळणातली गोष्ट असेल तरच कसोटीच्या दिवशी हाताशी येते. आणि हे पटवायला वर्धा जिल्ह्याला फार लांब जावे लागत नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा नावाचे गृहस्थ राहत होते. तंजावरच्या तमिळ ख्रिस्ती घरात जन्म, लंडनला हिशेब तपासनिसाचे शिक्षण, पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र. १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि या माणसाने तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांच्यात स्वतःला गाडून घेतले. ‘छोडो भारत’च्या तुरुंगवासात त्यांनी येशूच्या आचार-विचारांवर पुस्तक लिहिले. त्याला प्रस्तावना गांधीजींची होती. येशूची शिकवण रविवारच्या उपासनेपुरती नसून ती बाजारात, शेतात, स्वयंपाकघरात लागू होते, हे त्यांच्या सगळ्या आयुष्याचे सूत्र होते. त्याच १९३४ साली बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे आले, तेव्हा गांधीजींच्या सोबत्यांचा जादा खर्च त्या निधीतून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. निधी भूकंपग्रस्तांचा आहे, त्यातला पैसा दुसरीकडे जाणार नाही, मग मागणारा कोणीही असो.

क्षमेच्या लेखात हिशेबाच्या वहीचे काय काम, असे कोणी विचारील. मला वाटते, सगळे काम तिचेच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, पेत्र येशूला विचारतो की भावाला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? उत्तर येते, सातांच्या सत्तर पट. हा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्यापुढची राजाची गोष्ट मात्र घाईने वाचली जाते. राजा आधी चाकरांचा हिशेब घ्यायला बसतो. एकाच्या नावावर डोंगराएवढे कर्ज निघते. तो पाया पडतो आणि मग राजा ते सोडून देतो. तोच चाकर बाहेर पडल्या पडल्या किरकोळ रकमेसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरतो. या गोष्टीत हिशेब आधी आहे, माफी नंतर. येणे किती ते मांडल्याशिवाय सोडले काय, हे ना देणाऱ्याला कळते ना घेणाऱ्याला. कापसाच्या एका हंगामावर वर्षभराची उधारी तोलणाऱ्या आणि २००६ च्या केंद्रीय पॅकेजमधल्या विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत गणल्या गेलेल्या वर्ध्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

सर्वात वजनदार आक्षेपाचे उत्तरही इथेच आहे. क्षमेचा उपदेश नेहमी खालच्यालाच केला जातो, असे म्हणतात, आणि ते पुष्कळ अंशी खरे आहे. मार खाणाऱ्या सुनेला, मजुरी बुडालेल्या मजुराला, पाणवठ्यावर अपमान झालेल्या दलित कुटुंबाला ‘झालं गेलं विसरा’ म्हणणारे गावोगाव भेटतात. पण ही क्षमा नव्हे, ही तोंडबंदी आहे. पेत्राच्या त्या प्रश्नाच्या जरा आधी येशू एक रीतच घालून देतो. भावाने अन्याय केला तर आधी त्याला एकट्याला गाठून त्याचा दोष सांगा. ऐकले नाही तर एक-दोघांना सोबत न्या. तरीही नाही, तर मंडळीपुढे मांडा. म्हणजे बोलणे टाळायचे नाही, बोलायचेच आहे. कुमारप्पांनी हेच केले. १९३० च्या सविनय कायदेभंगात भारतातल्या अँग्लिकन चर्चचे प्रमुख बिशप फॉस वेस्टकॉट यांना त्यांनी उघड जाब विचारला की राज्यकर्त्यांच्या लाठीबद्दल चर्च गप्प का? इंग्रजांचा द्वेष न करता त्यांच्या राज्याचा अन्याय त्यांनी तोंडावर मांडला आणि त्यासाठी तुरुंग भोगला. ग्लॅडिसबाईंनीही खटला मागे घ्या असे कधी म्हटले नाही. मनातला सूड त्यांनी सोडला, शिक्षेचे काम न्यायालयाकडे राहिले. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मुख्य आरोपी दारासिंगची जन्मठेप कायम केली.

दुसरा आक्षेप असा की हे सारे मोठ्या माणसांचे झाले, रोजच्या जगण्यात कोणाला सवड आहे? सेवाग्रामकडे पाहा. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा गांधीजींनी आपल्या कुटीजवळ त्यांच्यासाठी झोपडी बांधून घेतली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश करू लागले. देशाचे राजकारण खांद्यावर असताना त्या कामाला दिवसाच्या वेळापत्रकात जागा होती. लंडनमध्ये शिकताना वाचलेले येशूचे डोंगरावरील प्रवचन त्यांच्या मनात कायमचे घर करून बसले होते. त्याचा अर्थ मात्र त्यांनी इथे, तेलाच्या वाटीने लावला. गुणांना अशी ठरलेली वेळ लागते. सवड मिळाली की दया करू म्हणणाऱ्याला सवड कधीच मिळत नाही.

आपली रोजची भांडणे कशाची असतात? धुऱ्याची, पांदण रस्त्याची, वाटणीची, बोअरच्या पाण्याची. २००७ मध्ये राज्य सरकारने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि गावोगाव समित्या बसल्या. मोहिमेने बरेच काही साधले, कोर्टाचे हेलपाटे वाचले. पण तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्यावरही दोन्ही घरांची बोलचाल बंदच राहते, दसऱ्याला सोने द्यायला निघालेला माणूस नेमके तेच एक दार टाळून पुढे जातो, हेही गाव पाहते. समितीने धुरा मोजून दिलेला असतो. आपण नांगराचे दोन तास जास्त दाबले होते, हे शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन सांगणे तेवढे राहून गेलेले असते आणि ते कोणतीही समिती करून देऊ शकत नाही.

हे जाणे कोणाचे, याबद्दल डोंगरावरील प्रवचनात काडीचाही संदिग्धपणा नाही. अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे तिथे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. इथे पाऊल उचलायचे आहे ते ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने. दुखावलेल्याने येऊन उदार व्हावे, अशी अट नाही. क्षमेवर आपण केलेली बहुतेक प्रवचने ही दिशा उलटी करतात. चर्चलाही हे लागू आहे. भारतातल्या अनेक मंडळ्यांत दलित ख्रिस्ती माणसाला जातीचा जाच दाराबाहेर ठेवता आलेला नाही, आणि त्याला सहनशीलतेचे धडे द्यायचा हक्क कोणत्याही पाळकाला नाही. त्याच्या घरी जाऊन काय चुकले ते आधी विचारावे, ऐकून घ्यावे आणि मंडळीच्या सभेत त्याची नोंद करावी. जमीनदाराने मजुराच्या, सासरच्यांनी सुनेच्या, अडत्याने शेतकऱ्याच्या दारी असेच जावे. समोरचा माफ करील की नाही, हे त्याच्या हाती. त्याला वेळ लागला तर थांबावे लागेल आणि तोवर ते अर्पण वेदीपाशी तसेच पडून राहील.