नव्या यंत्रांचा काटा कोणीं तपासावा?

मुळशी तालुक्यांतील हिंजवडी हें एके काळीं साखर कारखान्याचें गांव व्हावयाचें होतें. त्या कारखान्याच्या भूमिपूजनास आपण गेलों आणि 'कारखाना येथें होणार नाहीं, येथें संगणकाचा उद्योग येईल' असें तेथेंच जाहीर केलें, ही हकीकत श्री. शरद पवार यांनीं स्वतः जाहीर सभांतून सांगितलेली आहे. कारखाना पुढें कासारसाई-दारुंबरे येथें निघाला, आणि हिंजवडी, माण व मारुंजी या गांवांच्या जमिनींवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क वसला. जेथें भाताचीं खाचरें होतीं तेथें आज इन्फोसिस, विप्रो, टाटा कन्सल्टन्सी यांच्या इमारती आहेत. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचीं सुखदुःखें हा एक स्वतंत्र विषय आहे. आज सांगावयाचें तें इतकेंच कीं, शेत घेऊन बसलेली ही विद्या आतां उलट वाटेनें पुन्हां शेताच्या बांधावर आली आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणजे काय याचा फार खोल विचार करण्याचें येथें कारण नाहीं. पुष्कळशा जुन्या नोंदी, चित्रें व आंकडे यंत्रास दाखवावयाचे, आणि त्यांवरून नव्या प्रसंगीं अंदाज करावयास त्यास शिकवावयाचें, एवढें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुरे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साह्यानें उसावर हा प्रयोग केला आहे. जमिनींत ओल मोजणारीं उपकरणें, शेजारीं हवामानाचें लहानसें केंद्र, वर उपग्रह. आणि या सर्वांवरून पाणी केव्हां द्यावें व खत किती द्यावें याचा निरोप हातांतील फोनवर. जून २०२५ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें २०२५ ते २०२९ या मुदतीचें 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर केलें, आणि पहिल्या तीन वर्षांकरितां ५०० कोटी रुपये ठेविले. तेव्हां हा विषय आतां कांहीं हौशी बागाईतदारांपुरता राहिलेला नाहीं.

या धंद्यास निर्बंध घालावे कीं नाहींत, यावर सध्यां मोठा वाद चालला आहे. धंदेवाल्यांचें म्हणणें असें कीं, निर्बंध घातले तर अमेरिका व चीन पुढें जातील आणि आपण पाहत राहूं. दुसरा पक्ष म्हणतो कीं, यंत्र चुकलें तर भोगावें लागतें तें वापरणारास, करणारास नव्हे. सबब अगोदर परवाना आणि मग धंदा. आपल्या सरकारनें दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत. १ मार्च २०२४ रोजीं केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानें असें सुचविलें कीं, पुरेशी चाचणी न झालेलीं अशीं साधनें लोकांपुढें आणण्यापूर्वीं सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. एकच ओरड झाली, आणि पुरे पंधरा दिवस होतात न होतात तोंच, १५ मार्च रोजीं, नवी सूचना काढून परवानगीची अट गाळण्यांत आली. नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याच मंत्रालयानें जीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं, त्यांत तूर्त निराळा कायदा न करतां असलेल्या कायद्यांवरच काम भागवावें असें धोरण आहे.

युरोपानें दुसरी वाट धरली. तेथील कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजीं अस्तित्वांत आला. यंत्राच्या कामांत धोका किती यावरून त्यानें प्रती पाडल्या असून, मनाई केलेलें काम करणाऱ्या कंपनीस साडेतीन कोटी युरो किंवा जगभरच्या उलाढालीच्या शेंकडा ७, यांपैकीं जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत दंड सांगितला आहे. (लहान कंपन्यांस मात्र या दोहोंपैकीं लहान रकमेचीच मर्यादा आहे, ही गोष्ट आमच्याकडील टीकाकार सहसा सांगत नाहींत.) तरीहि नोव्हेंबर २०२५ मध्यें युरोपीय आयोगानेंच त्यांतील कडक कलमांचा अंमल पुढें ढकलण्याची सूचना मांडली. म्हणजे ज्यांनीं घाई केली तेहि थबकले आहेत.

आमचें मत असें आहे कीं, परवान्याचा हट्ट शेतकऱ्यानें धरूं नये. परवान्याचा जाच मोठ्या कंपनीस होत नाहीं. तिच्या पदरीं वकील असतात आणि वर्षभर थांबण्याइतका पैसाहि असतो. जाच होतो तो हिंजवडींत दोन खोल्या भाड्यानें घेऊन बसलेल्या चार तरुणांस. आणि त्यांत आमच्याच गांवांचे मुलगे आहेत. त्यांनीं केलेलें साधन मराठींत बोलतें, त्यास घात म्हणजे काय व वाफसा म्हणजे काय हें कळतें. तें बंद पडलें तर उरेल तें परदेशीं यंत्र. त्यास ना आमची काळी ठाऊक ना मुरमाड.

परवान्याची वाट अडली म्हणजे काय होतें हें कापूस पिकविणारास सांगावयास नकोच. बीटी कापसास केंद्रीय समितीची परवानगी मिळाली ती मार्च २००२ मध्यें; पण त्याच्या आदल्या हंगामांतच गुजराथेंत 'नवभारत १५१' या नांवाचें, तेंच जनुक असलेलें विनापरवाना बियाणें हजारों एकरांवर उभें असलेलें सांपडलें. तणनाशक सोसणाऱ्या कापसास परवानगी नसतां, जून २०१९ मध्यें अकोला जिल्ह्याच्या अकोट तालुक्यांत शेतकऱ्यांनीं उघडपणें जमून तो पेरला. त्या बियाण्याच्या गुणदोषांचा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. चोरून आलेल्या बियाण्याची पावती नसते, पिशवीवर चिठ्ठी नसते, आणि उगवलें नाहीं तर दाद कोणाकडे मागावी हें कळत नाहीं, इतकेंच दाखवावयाचें आहे. बियाण्याची गाडी निदान नाक्यावर अडवितां येते; फोनांतून येणाऱ्या सल्ल्यास नाकाहि नाहीं.

परंतु निर्बंध मुळींच नकोत असें म्हणणारांनीं वऱ्हाडचा इतिहास पाहावा. कारंजा येथील कापसाचा बाजार १८८६ मध्यें नियमाखालीं आला, आणि १८९७ मध्यें वऱ्हाडांतील कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. मुंबई इलाख्यांत १९२७ चा कापूस बाजार कायदा आणि मागाहून १९३९ चा शेतमाल बाजार कायदा आला. असे नियम नव्हते तेथें रुमालाखालीं बोटें धरून भाव ठरत, कडता कापला जाई, व्यापाऱ्याचा धर्मादायहि शेतकऱ्याच्याच पट्टींतून जाई, आणि काटा तर व्यापाऱ्याचाच असे. कायद्यानें अडत्यास नोंदणी करावयास लाविलें खरें. पण कोणता माल घ्यावा व काय भावानें घ्यावा हें त्यास सांगितलें नाहीं. भाव उघड ठरवा, काटा तपासून घ्या, कापणी मनाची करूं नका, असा त्याचा रोख होता. त्यामुळें वऱ्हाडचा कापूस विकावयाचा थांबला नाहीं. पुढें बाजार समित्यांत जीं दुसरीं दुखणीं शिरलीं तीं वाचकांस ठाऊक आहेत. पण त्यासाठीं पुन्हां रुमाल आणा असें कोणी म्हणत नाहीं.

आतां आमच्या एका सभासदाचा गेल्या खरिपांतील अनुभव सांगतों. त्यांच्या सोयाबीनचीं पानें पिवळीं पडूं लागलीं. त्यांनीं पानाचें चित्र एका ॲपवर पाठविलें. उत्तर तत्काळ आलें: लोहाची कमतरता आहे, अमुक सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी करा. तें औषध त्याच ॲपवर विकत मिळत होतें, तेंहि त्यांनीं घेतलें. दोन फवारण्या झाल्या, पिंवळेपणा वाढतच गेला. तेव्हां गांवांत आलेल्या कृषि साहाय्यकानें पानें उलटून पांढरी माशी दाखविली. तो पिवळा मोझॅक होता, आणि रोगट झाडें वेळींच उपटून टाकण्याची घटका निघून गेली होती. सभासदांनीं कंपनीस लिहिलें. उत्तर आलें कीं, 'आमचा सल्ला केवळ माहितीसाठीं असतो, हें आपण ॲप घेतांना मान्य केलें आहे.' तें मान्य केलेलें पत्रक इंग्रजींत होतें, आणि फोनच्या पडद्यावर वाचावयाचें म्हटलें तर बोट दुखेल इतकें लांब होतें.

चूक होणें हा अपराध नव्हे. तीच चूक माणसाकडूनहि होते. आमचा आक्षेप आहे तो असा कीं, औषध विकतांना सल्ला खात्रीचा आणि भरपाई मागतांना तोच सल्ला केवळ माहितीचा, हा दुटप्पी काटा झाला. खताच्या पोत्यावर नत्र, स्फुरद, पालाश किती तें छापावें लागतें. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणशक्ति निदान शेंकडा ७० असावी लागते, आणि तशी चिठ्ठी पिशवीस असते. अशीच चिठ्ठी या सल्ल्यास कां नसावी? हें यंत्र कोणत्या पिकावर व कोणत्या जिल्ह्यांत पारखलें, शंभरांत किती वेळां चुकलें, आणि सल्ला देणारा औषधहि विकतो कीं काय, इतकें मराठींत लिहावयास हिंजवडींतील कोणत्याहि कंपनीस फार खर्च येणार नाहीं. उलट ज्याचा माल चोख आहे त्याचा धंदा अशा चिठ्ठीनें वाढेलच.

याहून गंभीर गोष्ट विम्याची. प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत २०२३ च्या खरिपापासून भात व गहूं यांचें उत्पन्न ठरवितांना उपग्रहावरून व यंत्रानें काढलेल्या अंदाजास निदान शेंकडा ३० वजन देण्यांत येऊं लागलें. पीक कापणी प्रयोग होतो तेव्हां आपण बांधावर उभे राहूं शकतों. मोजलेला तुकडा व तोललेलें धान्य डोळ्यांनीं पाहतों, आणि पटलें नाहीं तर तेथेंच भांडतों. यंत्राच्या अंदाजाशीं कोठें भांडावयाचें? मुळशी-मावळांत भाताचीं खाचरें लहान, उतारावरचीं, आणि पावसाळाभर वर ढग. साध्या कॅमेऱ्याच्या उपग्रहास ढगांतून दिसत नाहीं. रडारच्या उपग्रहास दिसतें, पण त्यावरून भाताचा उतारा काढणें हें निराळें शास्त्र आहे. तें शास्त्र खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. माणसाच्या मोजणींतहि लबाडी होते, आणि यंत्र ती पकडूं शकेल. पण ज्या आंकड्यावर घरांत येणारी भरपाई ठरते तो कसा निघाला हें गांवाच्या चावडीवर लागलें पाहिजे, आणि त्यावर तालुक्याच्या ठिकाणीं जिवंत माणसापुढें तक्रार करतां आली पाहिजे. पाऊस सांगणाऱ्या ॲपास सौम्य नियम चालेल. भरपाई वा कर्ज ठरविणाऱ्या यंत्रास चालणार नाहीं. नियमाचा कडकपणा यंत्राच्या आकारावर न ठेवतां, तें चुकल्यास कोणाचें किती जातें यावर ठेवावा.

राहतां राहिली माहिती. व्यक्तीच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्यें झाला व त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्यें निघाले. परंतु तो राखतो ती एकेका माणसाच्या नांवाशीं जोडलेली माहिती. नांवें पुसून हजारों शेतांची एकत्र केलेली माहिती त्याच्या बाहेर राहते, आणि बाजारांत किंमत आहे ती तिलाच. नाशिक जिल्ह्यांत यंदा कांदा किती लागला व केव्हां निघेल हें आमच्याच चित्रांवरून यंत्रास आधीं कळलें, आणि तें फक्त विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यास सांगितलें गेलें, तर लासलगांवच्या लिलावांत शेतकरी पुन्हां रुमालाच्या दुसऱ्या बाजूसच उभा राहील. राज्याच्या नव्या धोरणांत शेतीच्या माहितीची देवघेव करणारी मध्यवर्ती व्यवस्था उभारण्याची योजना आहे. तिच्या नियामक मंडळावर पिकविणारांचे प्रतिनिधि बसावे, आणि जो अंदाज व्यापाऱ्यास मिळेल तो त्याच दिवशीं शेतकऱ्यासहि फुकट मिळावा, अशी मागणी आमचा संघ पुण्याच्या कृषि आयुक्तालयाकडे करणार आहे.

त्या अर्जास जोडण्यासाठीं पुरावा हवा. ज्या वाचकांनीं गेल्या दोन हंगामांत अशा यंत्राचा सल्ला घेतला असेल त्यांनीं पीक, पेरणीची तारीख, पाठविलेलें चित्र, आलेलें उत्तर, घेतलेल्या औषधाची पावती आणि शेवटीं काय झालें, हें एका कागदावर लिहून संघाच्या कचेरींत पाठवावें. चुकलेलाच सल्ला पाठवावा असें नाहीं. बरोबर ठरलेलाहि अवश्य पाठवावा. दोन्हीची यादी पिकवार करून पुढील अंकापासून छापूं, आणि तिची एक प्रत कंपन्यांकडेहि धाडूं.