धुऱ्यावरची बाभूळ तोडण्याआधी कापशीचा हिशोब करा



हरभरा घाट्यावर आला की उंदरांची बोंब सुरू होते अन् कृषी केंद्रावर औषधाले गर्दी होते. मग उन्हाळ्यात तेच लोक जेसीबी लावून धुऱ्यावरची बाभूळ काढतात. सावलीनं दोन तासं पीक कमी येते म्हणे. येते, मी नाही म्हणत नाही. पण त्याच बाभळीवर कापशी घरटं करते, हे कोणी हिशोबात धरत नाही.

कापशी म्हणजे कावळ्याएवढी, पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा पट्टा, डोळे लालबुंद. बरेच जण तिले ससाणा समजतात. सकाळी अन् दिवस बुडताना तारेवर बसून वावर न्याहाळते. मधेच उडून एकाच जागी पंख हलवत टांगल्यासारखी थांबते अन् पाय खाली सोडून उतरते. नाकतोडे, सरडेही खाते, पण मुख्य शिकार उंदीरच.

मादी तीन-चार अंडी देते, साधारण चार आठवडे उबवते. तेवढे दिवस नर तिले शिकार आणून देतो. पिल्लं उडायले आणखी महिनाभर. एप्रिल-मे सोडले तर वर्षभरात केव्हाही वीण होते, उंदीर भरपूर पाहिजेत बस.

आता हे पहा. उंदरीण तीन आठवड्यांत विते, कापशीले एका विणीले दोन महिने लागतात. म्हणून उंदीर माजल्यावर कापशी येऊन वावर साफ करीन, ही आशा खोटी. ती आधीपासूनच धुऱ्यावर पाहिजे. झाड गेलं की तेच गेलं.

दुसरी गोष्ट औषधाची. ब्रोमॅडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. चार-सहा दिवस सुस्त होऊन उघड्यावर फिरतो अन् कापशीले आयताच सापडतो. ते विष मग तिच्या पोटात जाते. म्हणून औषध टाकायचंच असलं तर चालू बिळं पाहून आतच टाका, तोंड बुजवा, मेलेले उंदीर उचलून पुरा. बांधावर उघडं फेकू नका, तितरंही मरतात.

घाटेअळीसाठी आपलं कृषी विद्यापीठ पक्षी थांबे लावायले सांगते, ते साळुंकी-कोतवालाले ठीक. कापशीसाठी धुऱ्यावर दोन उंच बांबू आडवी काडी बांधून रोवा. खर्च नाहीच म्हणा.

तुमच्या गावात या पाखराले काय म्हणतात, ते सांगजा.