गुणांकन आणि संधी

जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथील महिला विश्वचषक स्पर्धेत नागपूरच्या कु. दिव्या देशमुख पंधराव्या मानांकनाने उतरल्या आणि अजिंक्यपद मिळवून थेट ग्रँडमास्टर झाल्या. गुणांकन हे कालच्या कामगिरीचे माप आहे, उद्याची मर्यादा नव्हे, हे त्यांनी पटावर सिद्ध केले.

हे मापच टाकाऊ आहे, असे आमचे म्हणणे नाही. प्रा. आर्पाद एलो यांची ही पद्धती जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली, आणि तिचे तत्त्व न्याय्य आहे. दोनशे गुणांनी सरस असलेल्या खेळाडूने शंभरापैकी सुमारे शहात्तर गुण मिळवावेत, अशी तिची अपेक्षा असते. म्हणून दुबळ्यास हरवून त्याचा फारसा लाभ होत नाही. हरल्यास मात्र मोठा तोटा होतो.

परंतु पहिले गुणांकन लाभण्यासाठी गुणांकित प्रतिस्पर्ध्यांशी नोंदणीकृत स्पर्धांतून किमान पाच डाव खेळावे लागतात. पुण्यातील मुलास हे सुलभ आहे. भीमाशंकरच्या वाटेवरील तळेघरच्या मुलाने प्रवेशशुल्क, एस.टी.चे भाडे आणि शहरातील मुक्कामाचा खर्च कोठून आणावा? ज्याला डावच मिळत नाही, त्याचे नाव यादीत येत नाही. आणि यादी पाहणारा मात्र तेथे गुणच नाहीत असे समजतो.

राज्य व जिल्हा संघटनांनी घोडेगावसारख्या तालुक्याच्या गावी वर्षातून निदान एक विनाशुल्क गुणांकन स्पर्धा भरवावी. शाळेचे वर्ग, पट, घड्याळे आणि पंच एवढी सिद्धता त्यांच्या आवाक्याबाहेरची नाही.