बिल्ला मोडीत जाण्याआधी



सहावीच्या इतिहासात 'इतिहासाची साधने' हा पाठ आहे. भौतिक, लिखित आणि मौखिक ही तिन्ही नावं मुलं पाठ करतात, परीक्षेत एकेक उदाहरणही बरोबर लिहितात. पण उदाहरणं ठरलेलीच असतात. किल्ला, ताम्रपट, ओवी. आपल्या घरच्या ट्रंकेत पडलेलं साधन कुणी लिहीत नाही. प्रदर्शनात मिळालेलं पदक, जत्रेत खोंडाला मिळालेला बिल्ला, पणजोबांनी परगावाहून आणलेलं नाणं, हीसुद्धा इतिहासाची साधनंच आहेत ना?

या वस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे. अशी वस्तू नुसती जपून भागत नाही. तिची गोष्ट लिहून ठेवली नाही, तर दोन पिढ्यांत ती मोडीत जाते. आणि ही गोष्ट लिहून घ्यायचं काम आपल्या शाळेतली पोरं फार चांगलं करू शकतात.

भट्टीला वजन कळतं

आटपाडी-खानापूर भागातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. दुष्काळामुळे इथली कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यात शिरली आणि देशभरातल्या शहरांत जाऊन सोनं-चांदी गाळू लागली. आपल्या वर्गात गलाईवाल्यांची मुलं असतातच. जुनी चांदी मुशीत गेली, की पैंजण कुठलं, करंडा कुठला आणि पदक कुठलं, काही राहत नाही. उरतं ते वजन आणि कस. यात गलाईवाल्याची काहीच चूक नाही. त्याच्याकडे वस्तू येते तेव्हा ती बहुतेक वेळा आधीच मुकी झालेली असते. 'कुणाचं आहे, कशाचं आहे, कोण जाणे' असं म्हणूनच घरच्यांनी ती बाहेर काढलेली असते.

जगाच्या जत्रेतही हेच झालं

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. 1851 साली लंडनमध्ये जगभरातल्या वस्तूंचं मोठं प्रदर्शन भरलं. साडेपाच महिन्यांत 60 लाखांच्या वर लोकांनी ते पाहिलं. त्यानंतर पॅरिस, व्हिएन्ना, शिकागो अशा शहरांत अशी प्रदर्शनं भरत गेली. एका अर्थी या जगाच्या जत्राच! आणि जत्रेला गेलं की माणूस आठवण म्हणून काहीतरी घेऊन येतोच.

1893 चं शिकागोचं प्रदर्शन आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने सर्वधर्म परिषद भरली आणि तिथे स्वामी विवेकानंद बोलले. या प्रदर्शनासाठी अमेरिकेने अर्ध्या डॉलरचं खास चांदीचं नाणं पाडलं. आठवण म्हणून ते पूर्ण एका डॉलरला विकलं. अपेक्षेइतकी विक्री झाली नाही. मग सुमारे 25 लाख नाणी परत वितळवली आणि बरीचशी नेहमीच्या व्यवहारात सोडून दिली. म्हणजे तिथेही शेवटी भट्टीच!

याच प्रदर्शनात बक्षीस मिळवणाऱ्यांना कांस्यपदकं दिली गेली. त्या पदकावर विजेत्याचं नाव उठवलेलं असे. राजा रविवर्मा यांची 10 चित्रं तिथे गेली होती आणि त्यांना बक्षिसंही मिळाली. आता तुम्हीच सांगा, घरात नाव नसलेलं नाणं आणि नाव असलेलं पदक अशा दोन वस्तू असतील, तर शंभर वर्षांनी नातवंडं कोणती वस्तू मोडायला धजणार नाहीत? कांस्य चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त. पण नावामुळे त्याला आधार मिळाला.

आपल्या जवळची उदाहरणं

मुंबईत भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. सहलीला पोरं राणीची बाग बघतात आणि शेजारच्या या इमारतीसमोरून निघून जातात. या संग्रहालयाचं मूळ एका जागतिक प्रदर्शनातच आहे. 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी आपल्या भागातल्या वस्तू गोळा केल्या गेल्या. तसल्याच वस्तूंचा एक संच मुंबईत ठेवला गेला आणि त्यातून संग्रह वाढत गेला. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी खटपट केली. आजची इमारत 1872 मध्ये लोकांसाठी खुली झाली. वस्तू कुठली, कुणी केली, कशासाठी केली, याची नोंद असली की त्याच वस्तूचा धडा होतो.

इतक्या लांब जायचं नसेल तर औंध आहे. आपली आटपाडी पूर्वी औंध संस्थानातच होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये उभारलेलं श्री भवानी संग्रहालय आजही बघता येतं. सहल तिथे न्या. मुलांना पाटी वाचायला लावा आणि विचारा, "ही पाटी काढून टाकली, तर या वस्तूबद्दल तुम्हाला काय काय सांगता येईल?"

आणि आपल्या गावाचं काय? खिलार जनावरांत 'आटपाडी महाल' ही जात ओळखली जाते ती आपल्याच मुलखाच्या नावाने. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत खिलारांचा बाजार भरतो. अशा बाजारात, प्रदर्शनात कुणाच्या तरी आजोबांच्या खोंडाला नंबर मिळालेला असतो. ज्या घराने चारा नाही म्हणून बैल विकले, त्या घरात त्या बैलाची एवढीच खूण उरलेली असते. ती गेली, की त्या घराने खिलार पाळली होती याचा पुरावाच गेला.

वर्गात काय करता येईल?

1. वस्तू शाळेत आणायला सांगू नका. हरवली तर कुणी भरून द्यायची? वस्तूवर पातळ कागद ठेवून पेन्सिल हलक्या हाताने घासायची. ठसा कागदावर उमटतो. तो ठसा शाळेत आणायचा.

2. ठशाखाली पाच ओळी लिहायच्या. वस्तू काय आहे, कुणाला मिळाली, कुठे, साधारण कधी, आणि ही माहिती कुणी सांगितली. साल आठवत नसेल तर 'मोठ्या दुष्काळाच्या आधी' असं आजी सांगेल तसंच लिहावं. बनावट साल घालू नये.

3. पदक चिंच, राख किंवा पावडर लावून घासू नये. अक्षरं झिजतात. सुती कापडात गुंडाळून ठेवावं आणि नोंदीची चिठ्ठी त्यासोबतच ठेवावी.

4. ज्याच्या घरी असं काही नाही, त्याने जत्रेची पावती, शाळेच्या स्पर्धेचा बिल्ला, आईच्या बचत गटाचं प्रमाणपत्र घ्यावं. हा उपक्रम श्रीमंतीचा होता कामा नये. गुण नोंदीला द्या, वस्तूला नको.

दुबईच्या एक्स्पोमध्ये आठवण म्हणून एक छोटं पासपोर्टसारखं पुस्तक मिळायचं. प्रत्येक देशाच्या दालनात त्यावर शिक्का मारून घ्यायचा. नातेवाईक तिथे असतील तर मुलांनी त्यांना फोन करून विचारावं. नवीन वस्तूची गोष्ट लिहून घेणं सगळ्यात सोपं, कारण सांगणारा माणूस अजून आहे.

पालकांसाठी दोन शब्द

'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' असे व्हिडिओ मुलांच्या हाती पडतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीबद्दल सावध केलं होतं. आधी पैसे भरा म्हणणाऱ्याला कधीही दाद देऊ नका. छंदात किंमत शिरली, की मूल गोष्ट विचारायचं सोडून भाव विचारू लागतं.

काही जण म्हणतील, अडचणीला चांदी मोडावीच लागते, तिथे नोंदीचं काय घेऊन बसलात? अगदी खरं आहे. दवाखान्याच्या वेळी पदक जपत बसा असं मी कुणालाही सांगणार नाही. पण मोडायच्या आधी एक ठसा आणि पाच ओळी काढायला दहा मिनिटं पुरतात. वस्तू गेली तरी घराचा इतिहास वहीत राहील.

दिवाळीच्या सुट्टीत मुलं आजोळी जातात, गलाईवाली कुटुंबंही गावाकडे येतात. सुट्टीच्या अभ्यासात शुद्धलेखनाची दहा पानं देण्यापेक्षा यंदा हा एक ठसा आणि पाच ओळी देऊन बघा. पोरांना आवडेल, आणि आजी-आजोबांनाही कुणीतरी काहीतरी विचारतंय याचं बरं वाटेल.