खाट मोजण्याआधी परिचारिका मोजा

9 जानेवारी 2021 रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू अतिदक्षता विभागाला आग लागली. तेव्हा तिथे 17 बाळे होती. रुग्णालयातच जन्मलेल्या बाळांच्या कक्षातली सात वाचवता आली. बाहेरून आणलेल्या बाळांच्या कक्षातली दहा गेली. काही भाजून गेली, बहुतेक धुराने गुदमरून. बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी आगीची सुरुवात झाली, असे चौकशीत पुढे आले. जिल्हा शल्यचिकित्सकांचे निलंबन झाले, बदल्या झाल्या, कंत्राटी कर्मचाऱ्यांची सेवा संपवण्यात आली आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेच्या तपासणीचे आदेशही निघाले. अग्निशामक, धूरसूचक आणि सुरक्षित वायरिंग यांची गरज होतीच. पण या घटनेतून जो दुसरा धडा घ्यायला हवा होता, तो आपण अजून घेतलेला नाही. अतिदक्षता विभाग चालतो तो खाटेजवळ सतत हजर असलेल्या प्रशिक्षित परिचारिकेच्या बळावर. प्रत्येक पाळीत ती नसेल, तर भिंतीवर कोणतीही पाटी लावली आणि आत कितीही यंत्रे ठेवली तरी ती अतिदक्षता ठरत नाही. म्हणून अतिदक्षतेच्या खाटा मोजायच्या त्या परिचारिकांच्या संख्येवरून, हे माझे म्हणणे आहे.

त्या रात्रीची एकच गोष्ट नीट पाहू. अधिकृत माहितीनुसार ड्युटीवरच्या परिचारिकेने कक्षाचे दार उघडले तेव्हा आत धूर दिसला. म्हणजे आग लागल्याचे दार उघडल्यावर कळले. आत बाळांपाशी कोणी बसलेले असते, तर पहिली ठिणगी किंवा पहिला जळका वास तिथेच कळला असता. मग प्रश्न येतो तो माणूसबळाचा. अशा विभागांसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना प्रत्येक पाळीत तीन ते चार बाळांमागे एक परिचारिका असावी असे सांगतात. या हिशेबाने 17 बाळांसाठी रात्रीच्या पाळीत निदान पाच परिचारिका लागतात. आणि पाच परिचारिका एका पाळीत हव्या असतील, तर आस्थापनेवर पाच किंवा पंधरा पदे असून भागत नाही. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रात्रपाळीनंतरची विश्रांती, आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा हे सगळे धरले, तर एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेचार ते पाच माणसे लागतात. म्हणजे 17 बाळांच्या विभागाला बावीस ते पंचवीस परिचारिका हव्यात. विभागाचे उद्घाटन होते तेव्हा ही बेरीज भाषणात येत नाही. वॉर्मर किती, मॉनिटर किती, खर्च किती, एवढेच सांगितले जाते.

परिचारिका नेमके काय करते हे बाहेरच्या माणसाला दिसत नाही, म्हणून ही बेरीज कोणाला खटकतही नाही. जन्मवजन 1800 ग्रॅमपेक्षा कमी असलेले बाळ या विभागात दाखल होते. त्याला स्वतःचे तापमान टिकवता येत नाही. वॉर्मरचा पोटावर चिकटवलेला प्रोब जरासा निसटला, तर यंत्र चुकीचे तापमान वाचते आणि बाळ तापते किंवा गारठते. काही बाळे श्वास घ्यायची थांबतात. तळव्याला हलकेच चोळून त्यांना श्वासाची आठवण करून द्यावी लागते आणि त्याला मिळणारा वेळ सेकंदांत मोजावा लागतो. ऑक्सिजन कमी पडला तर मेंदूला धोका, जास्त झाला तर डोळ्यांच्या पडद्याला. दूध नळीतून, मोजून काही मिलिलिटर, ठरलेल्या तासांनी. मोठ्यांच्या अतिदक्षतेतही हेच. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाचे डोके उंच ठेवणे, तोंडाची स्वच्छता, नळीतला कफ सक्शनने काढणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कूस बदलणे, रक्तदाबाच्या औषधाचा पंप तासाला किती मिलिलिटर सोडतो आहे त्यावर नजर ठेवणे, लघवी किती झाली ते लिहिणे. डॉक्टर फेरीत येऊन निर्णय देतात. त्यांच्या दोन फेऱ्यांमध्ये रुग्ण ढासळू लागला तर ते आधी सिस्टरला कळते, किंवा कोणालाच कळत नाही. चेहऱ्याचा बदललेला रंग, वाढलेली धाप, अचानक आलेला अस्वस्थपणा ओळखण्याची ही नजर प्रशिक्षणाने आणि अनुभवाने येते, आणि एका नजरेत किती रुग्ण मावतात याला मर्यादा आहे.

ही मर्यादा मोजून झालेली आहे. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांत, परिचारिकेवर सरासरी एक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. युरोपातल्या नऊ देशांतील 300 रुग्णालयांचा अभ्यास 2014 मध्ये आला आणि निष्कर्ष तोच निघाला. शिवाय पदवीधर परिचारिकांचे प्रमाण दहा टक्क्यांनी वाढले की मृत्यूची शक्यता तितकीच कमी होते, हेही दिसले. संख्या आणि शिक्षण या दोन्हींनी जीव वाचतात. अमेरिकेतच मिशिगनच्या अतिदक्षता विभागांत मोठ्या शिरेत घातलेल्या नळ्यांमुळे होणारा जंतुसंसर्ग रोखण्याची मोहीम झाली. हात धुणे, त्वचा निर्जंतुक करणे, गरज संपताच नळी काढणे अशी साधी यादी होती, आणि डॉक्टरांकडून एखादी पायरी चुकली तर त्यांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकांना दिला होता. या संसर्गात दीड वर्षात 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. त्यासाठी नवे औषध लागले नाही, महागडे यंत्र लागले नाही. लागली ती शेजारी उभी असलेली आणि बोलण्याचा अधिकार असलेली परिचारिका. कॅलिफोर्नियाने 2004 पासून परिचारिका-रुग्ण प्रमाण कायद्यानेच बांधले. अतिदक्षतेत दोन रुग्णांमागे एक.

यावर पहिला आक्षेप येतो की हा युक्तिवाद हलगर्जीपणावर पांघरूण घालतो. तो गंभीर आहे, कारण भंडाऱ्यात दहा घरांत पाळणे रिकामे झाले आणि त्या आईबापांना उत्तर मिळालेच पाहिजे. कोणी जागा सोडून गेले असेल, तर त्याचा दोष त्याच्यावर यावा. पण दोष ठरवताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात: या माणसाने कर्तव्य केले का, आणि हे कर्तव्य एका माणसाला करता येण्याजोगे होते का. दुसरा प्रश्न विचारलाच नाही तर शिक्षा होते, व्यवस्था मात्र आहे तिथेच राहते. 2021 मध्येच 6 नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून 11 रुग्ण दगावले. तिथेही एका वैद्यकीय अधिकाऱ्यासह परिचारिकांना अटक झाली. भंडाऱ्याच्या कारवाईने दहा महिन्यांत नगरचे रुग्ण वाचवले नाहीत. खाटेपाशी उभ्या असलेल्या सर्वांत कनिष्ठ व्यक्तीपर्यंत जबाबदारी पोचते, आणि पदे रिकामी ठेवणाऱ्या फाइलीपर्यंत ती पोचत नाही, असे दोनदा झाले. मला दोन्ही ठिकाणी जबाबदारी हवी आहे.

दुसरा आक्षेप जिल्ह्याच्या वास्तवातून येतो आणि मला तो सर्वांत वजनदार वाटतो. परिचारिका कमी म्हणून खाटा कमी करायच्या, तर लाखांदूर, पवनी किंवा तुमसरहून निघालेल्या बाळाने जायचे कुठे? भंडाऱ्याहून नागपूर साठ किलोमीटरवर. त्यात गावापासून भंडाऱ्यापर्यंतचे अंतर मिळवा. धानाच्या रोवणीवर आणि मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाला ‘नागपूरला न्या’ हे दोन शब्द ऐकवणे म्हणजे काय, हे इथे सर्वांना माहीत आहे. आणि अपुरी काळजी ही काळजीच नसण्यापेक्षा बरी, हे काही वेळा खरेही असते. म्हणूनच आजची एकही खाट बंद करा असे मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढेच की सरकारी कागदावर ती खाट ‘अतिदक्षता’ म्हणून मोजू नका. कमी मोजली की तूट दिसते. तूट दिसली की पदे मागता येतात, विधानसभेत प्रश्न विचारता येतो. आज बारा खाटांचा विभाग कागदावर बाराचाच राहतो आणि त्यात चारच खाटांपुरत्या परिचारिका असल्या तरी तो पूर्ण क्षमतेचा समजला जातो. शिवाय खऱ्या क्षमतेचा आकडा रोज माहीत असेल, तर कोणते बाळ लगेच, स्थिर असतानाच, सोबत परिचारिका देऊन नागपूरला पाठवायचे, हेही वेळेत ठरवता येते.

पैसा कुठून आणायचा आणि परिचारिका मिळतात कुठे, हा तिसरा आक्षेप. महाराष्ट्रात दरवर्षी मोठ्या संख्येने मुली, आणि आता मुलगेही, परिचर्येचे शिक्षण घेऊन बाहेर पडतात. त्या आखाती देशांत जातात, इंग्लंडला जातात, पुण्या-मुंबईच्या खासगी रुग्णालयांत जातात. इथे त्यांना मिळते ती बहुधा अकरा महिन्यांची कंत्राटी नेमणूक, कायम परिचारिकेच्या तुलनेत तुटपुंजे मानधन आणि पुढच्या वर्षी करार वाढेल की नाही याची चिंता. खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारांची अवस्था पाहून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये केंद्राला समिती नेमायला सांगितली, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही किमान 20 हजार रुपये पगार असावा अशी शिफारस त्या समितीने केली. शिफारस आहे, सक्ती नाही. त्यामुळे तुटवडा मुलींचा नसून टिकून राहावे अशा नोकऱ्यांचा आहे. पैशाचे म्हणाल, तर बंद पडलेले व्हेंटिलेटर आणि वापराविना गंजणारी उपकरणे हाही पैसाच आहे. कोविडकाळात व्हेंटिलेटर जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले, ते चालवणारे हात त्या वेगाने पोचले नाहीत.

यंत्रेच आता नजर ठेवतील, नागपुरातून पडद्यावर रुग्ण दिसेल, असेही सांगितले जाते. दूरस्थ सल्ल्याचा उपयोग आहे. रात्री तज्ज्ञ नसताना तो मोलाचा ठरतो. पण पडद्यावरचा तज्ज्ञ नळीतला कफ काढू शकत नाही, आणि अलार्म वाजला तरी धावून जाणारे कोणी लागतेच. एकटी सिस्टर आणि एकाच वेळी वाजणारे अनेक अलार्म अशी स्थिती असेल, तर तिचे कान त्या आवाजाला सरावतात आणि खरा धोका त्यात बुडतो. आधुनिक अतिदक्षतेची सुरुवातच हातांनी झाली. 1952 मध्ये कोपेनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा पुरेशी यंत्रे नव्हती. वैद्यकीय विद्यार्थ्यांनी खाटेशी बसून, आळीपाळीने, दिवसरात्र हाताने फुगा दाबून रुग्णांना श्वास दिला आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले. प्रत्येक रुग्णामागे एक माणूस, हे तत्त्व तिथून आले. यंत्राने फुगा दाबण्याचे काम घेतले, लक्ष ठेवण्याचे नाही.

आता भंडाऱ्याला संधी आहे. जिल्ह्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी झाले. महाविद्यालय आले की खाटा वाढतात, विशेष विभाग वाढतात. त्या प्रत्येक खाटेबरोबर परिचारिकांची कायम पदे आधी मंजूर व्हावीत. नवजात विभागात प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरची सहा महिन्यांत दुसऱ्या वॉर्डात बदली करू नये. चार दिवसांचे वर्ग आणि चौदा दिवसांचे मोठ्या रुग्णालयातले निरीक्षण घेऊन ती तयार होते, आणि तिच्या बदलीबरोबर ते सारे वाया जाते. केंद्र सरकारने आणि भारतीय परिचर्या परिषदेने गंभीर रुग्णांच्या परिचर्येचा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम 2016 पासूनच आखून ठेवला आहे. तो केलेल्या परिचारिकेसाठी जिल्हा रुग्णालयात वेगळे पद, वेगळी वेतनश्रेणी आणि ठरलेल्या मर्यादेत उपचार बदलण्याचा अधिकार हवा. आणि सर्वांत स्वस्त सुधारणा ही की प्रत्येक अतिदक्षता विभागाच्या दारावर रोज, प्रत्येक पाळीला, दोन आकडे लिहावेत: आत किती रुग्ण आहेत आणि त्यांच्यासाठी किती परिचारिका आहेत. ते आकडे नातेवाइकांना वाचता यावेत, आमदारांना वाचता यावेत, पालकमंत्र्यांना वाचता यावेत. पहिला आकडा दुसऱ्याच्या आवाक्याबाहेर गेला की त्याच दिवशी वरिष्ठांनी लेखी उत्तर द्यावे, आणि अपघात झाला तर चौकशीचा पहिला कागद तोच असावा. खालच्या परिचारिकेपासून वरच्या अधिकाऱ्यापर्यंत सर्वांना एकाच मापाने मोजणारी जबाबदारी मला यापेक्षा सोपी दिसत नाही.